रिपोर्ट नॉर्मल, पोट बेजार : प्रस्तावना

सकाळच्या विरार लोकलमध्ये चढणाऱ्या माणसाची बॅग उघडली, तर डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि चार्जर यांच्या जोडीला आणखी एक वस्तू बऱ्याचदा सापडते : ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. कुणी ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेली असते, कुणी शेजाऱ्याला गुण आला म्हणून. मेडिकलवाल्याला गोळीचं नाव सांगायचीही गरज पडत नाही. ‘गॅसची द्या’ म्हटलं की पट्टी काउंटरवर येते. वर्षं उलटतात, गोळीची कंपनी बदलते, पोट मात्र तेच राहतं. सकाळी घास उतरत नाही, दुपारी डबा अर्धा परत येतो आणि रात्री दहाला अशी भूक लागते की समोर येईल ते पोटात जातं. वजनकाट्यावर एकाचं वजन उतरत असतं, दुसऱ्याचं चढत असतं. दोघंही सांगतात एकच : काय झालंय, कळतच नाही.

हे पुस्तक त्या दोघांसाठी आहे. सततची काळजी माणसाच्या पचनात आणि वजनात कशी उतरते, आणि उतरली की काय करायचं, एवढाच त्याचा विषय. विषय ऐकायला साधा आहे. त्यावर घरोघरी, डब्याडब्यात मतं आहेत. पण नीट मांडलेलं मराठीत फार थोडं सापडतं. पोटाची पुस्तकं पथ्यावर थांबतात, मनाची पुस्तकं विचारांवर थांबतात, आणि रुग्ण या दोन कपाटांच्या मधल्या फटीत उभा राहतो.

त्या फटीतला प्रवास बहुतेकांचा सारखाच असतो. आधी फॅमिली डॉक्टर, मग सोनोग्राफी, मग थायरॉइड आणि साखर, शेवटी दुर्बीण. प्रत्येक तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल येतो. घरचे देवापुढे साखर ठेवतात. रुग्णाचा चेहरा मात्र उतरतो, कारण आता त्याच्या दुखण्याला नावच उरत नाही. ‘तुला काही झालेलं नाही, उगाच मनाला लावून घेतोस,’ हे वाक्य पुढच्या आठवड्यात चार जण ऐकवतात. त्यातले तीन प्रेमानेच बोलत असतात. पण त्यातून तो एक गोष्ट शिकतो : यापुढे कुणाला सांगायचं नाही. या पुस्तकाचं म्हणणं नेमकं तिथून सुरू होतं. रिपोर्ट नॉर्मल असणं याचा अर्थ आतड्यांवर व्रण, गाठ किंवा सूज दिसली नाही, इतकाच. दुखणं खोटं आहे, असं कुठल्याही रिपोर्टवर लिहिलेलं नसतं.

हा विषय जगात कुठेही लिहिता आला असता. तरी तो वसई-विरारमधून लिहिला जावा, याला कारण आहे. काळजी माणसाच्या मनात राहते हे खरं, पण तिला पत्ता लागतो, वेळापत्रक लागतं, आणि आमच्याकडे ही दोन्ही तयार आहेत. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हा हा मुलूख भातशेतीचा, केळीच्या बागांचा, मिठागरांचा आणि कोळीवाड्यांचा होता. आगाशीची सुकेळी आणि वसईची भाजी, फुलं मुंबईच्या बाजारात जात. माणसं त्या मानाने कमी जात. आज उलट आहे. १९८०च्या दशकाअखेरीस बिल्डरांना हा पट्टा मोकळा होऊ लागला, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्यांनी हरित वसईसाठी लढा उभारला, बरीच हिरवाई वाचली आणि बरीच गेली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व आसपासची गावं एकत्र करून जुलै २००९मध्ये महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. २०१४च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, तरी नोकरी अंधेरी, दादर, चर्चगेटलाच राहिली.

विरार ते चर्चगेट हे अंतर साठेक किलोमीटरचं. गर्दीच्या वेळी ते कसं कापलं जातं, हे सांगायला लेखक नको. पण पोटाच्या दृष्टीने त्या प्रवासातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. मुंबईच्या लोकलला शौचालय नसतं.

ज्याचं पोट ठणठणीत आहे, त्याला याचं काही वाटत नाही. ज्याचं पोट सकाळी हमखास बिघडतं, त्याच्यासाठी सगळा प्रवास याच एका गोष्टीभोवती फिरतो. असा माणूस पहाटे उठल्यापासून दोनदा, तीनदा जाऊन येतो. तरी घराबाहेर पडताना पुन्हा शंका येते. फास्ट गाडी समोर उभी असली तरी तो स्लो पकडतो, कारण फास्ट बोरिवली सोडली की अंधेरीपर्यंत दम घेत नाही. कुठल्या स्टेशनवर शौचालय कुठल्या टोकाला आहे, कुठलं बंद असतं, कुठे सुट्टे पैसे लागतात, हे त्याला तोंडपाठ असतं. नायगाव सुटलं की पोटात पहिली कळ येते, कारण पुढे खाडीचा पूल आहे. पाणजू बेटाजवळ गाडी सिग्नलला थांबली, तर बाकीचे मोबाइलमधून मान वर करून पाहतात. हा दांडी घट्ट धरून कपाळावरचा घाम पुसतो. भाईंदरचा फलाट दिसला की कळ ओसरते. ऑफिसात पोचेपर्यंत पोट शांत झालेलं असतं, आणि रविवारी तर तक्रारच नसते. रविवारी तक्रार नसते, ही बाब फार बोलकी आहे. डॉक्टरांना ती आवर्जून सांगायला हवी, आणि बहुतेक जण नेमकी तीच सांगत नाहीत.

मग असा माणूस स्वतःचा उपाय शोधतो : खायचंच नाही. पोहे नको, चहासुद्धा नको, पोट रिकामं तर धोका नाही. बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्या पाणीही पीत नाहीत. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली, ती याच अडचणीतून. दिवसभर न पिता, न खाता राहायचं आणि घरी आल्यावर भरपाई करायची, या रिवाजाने मलावरोध होतो, लघवीची जळजळ होते, डोकं दुखतं, रात्रीचं जेवण दुप्पट होतं. भीती पोटात शिरते ती अशीही : आतड्यांच्या नसांतून शिरण्याआधी ती ताटातून शिरते.

गाडी ही एक काळजी. घर ही दुसरी, आणि ती जास्त खोल. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेली खोली अधिकृत आहे की नाही, हे इथल्या हजारो कुटुंबांना पैसे भरून झाल्यावर कळलं. नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरी भागातल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४-२५मध्ये पाडण्यात आल्या. ऑगस्ट २०२५मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ज्यांची इमारत उभी आहे, त्यांनीही त्या आठवड्यात आपल्या भिंतीच्या भेगा मोजल्या असतील. पाऊस म्हटला की जुलै २०१८ आठवतो, रुळांवर चढलेलं पाणी आठवतं. पाण्याचा टँकर, बँकेचा हप्ता, मुलांची फी, गावाकडे एकटे असलेले आईवडील, ही यादी प्रत्येक घरात थोड्याफार फरकाने तीच. यातली कुठलीच काळजी उगाच नाही. म्हणून ‘काळजी करू नकोस’ हा सल्ला इथे कुणाच्या कामाचा नाही. काळजी खरी असू शकते, आणि तरीही ती शरीराचं नुकसान करत असते. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत, हे मान्य केलं तरच पुढचं बोलता येतं.

पोट आणि मन यांचा संबंध नव्याने लागलेला शोध नाही. चरकसंहितेत स्पष्ट म्हटलं आहे की पथ्याचं अन्न बेताने खाल्लं, तरी चिंता, शोक, भय, क्रोध, अस्वस्थ झोप आणि जागरण यांमुळे ते पचत नाही. त्याच ग्रंथात अतिसाराचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक भयातून होणारा आणि एक शोकातून होणारा. अतिसाराचं कारण म्हणून थेट भय आणि शोक यांची नोंद करणारा तो वैद्य लोकलमध्ये बसला असता, तर त्याला निदानाला वेळ लागला नसता.

युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकाला हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायला मिळालं ते एका अपघातामुळे. १८२२मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार शिरला. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं आणि १८३३मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिन चिडला, वैतागला की जठराचा रंग आणि पाचकरस बदलतात, अशी नोंद त्यांनी केली. पुढे १८९०च्या दशकाअखेरीस हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन यांनी नव्या क्ष-किरणांखाली मांजराचं जठर पाहिलं. मांजर शांत असताना जठराच्या लाटा लयीत चालत होत्या. ते घाबरलं, चवताळलं की त्या थांबत. संकटात शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, ही आज शाळेतही शिकवली जाणारी कल्पना कॅनन यांनी पुढे मांडली. तिची सुरुवात पोटापासून झाली, हे फारसं सांगितलं जात नाही.

आता आतली यंत्रणा थोडक्यात पाहू; तपशील पुढच्या प्रकरणांत आहेत. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं आहे. मेंदूने हुकूम सोडला नाही तरी ते बरंचसं काम स्वतःच्या अकलेने करतं. मेंदूशी त्याचा संपर्क मुख्यतः व्हेगस या चेतेमार्फत चालतो, आणि तिच्यातले बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे खबर नेणारे असतात. म्हणजे मन पोट बिघडवतं तसं बिघडलेलं पोटही मनाला स्वस्थ बसू देत नाही. शरीरातलं सुमारे नव्वद टक्के सेरोटोनिन आतड्यांत तयार होतं. ते मेंदूत जात नाही, पण आतड्यांची हालचाल आणि संवेदना यांवर त्याचा मोठा अंमल असतो.

धोक्याची वर्दी मिळाली की मेंदूत सीआरएफ नावाचा संदेशवाहक सुटतो. त्यातून पुढे कॉर्टिसॉल वाढतं, अड्रिनलिन वाढतं, तोंडचं पाणी पळतं, छातीत धडधडतं. पोटावर याच सीआरएफचा परिणाम मोठा चमत्कारिक आहे. तो जठर रिकामं व्हायला उशीर लावतो आणि मोठ्या आतड्याची गती वाढवतो. वरचं गेट बंद आणि खालचं उघडं, अशी ही अवस्था. म्हणून परीक्षेच्या, मुलाखतीच्या किंवा कोर्टाच्या तारखेच्या सकाळी एकाच माणसाला खायला नको वाटतं, दोन घासांत पोट फुगतं, मळमळतं आणि तरी धावत संडासला जावं लागतं. हे नाटक नाही; एकाच रसायनाची ही दोन ठिकाणची करणी आहे. काळजी महिनोन्महिने टिकली, तर आतड्यांची संवेदनाही तीव्र होते. एरवी जाणवणार नाही इतका वायू किंवा ताण दुखायला लागतो. दुर्बिणीत आतडं निरोगी दिसतं, कारण दुर्बिणीला रचना दिसते, संवेदना दिसत नाही. आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणून जो त्रास ओळखला जातो, त्याचा मोठा भाग इथे आहे. अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६च्या रोम निकषांनुसार पोटदुखी गेले तीन महिने आठवड्यातून निदान एकदा होत असेल, तिचा संबंध शौचाला जाणं, शौचाच्या बदललेल्या वेळा आणि मलाचं बदललेलं रूप यांपैकी निदान दोहोंशी असेल आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर हे निदान करता येतं. म्हणजे ‘दुसरं काही सापडलं नाही म्हणून’ ठोकलेलं हे नाव नव्हे. त्याला स्वतःची ओळख आहे.

वजनाचं कोडं मात्र अधिक गुंतागुंतीचं. काळजीने माणूस वाळतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग काळजीने फुगणारी माणसं कुठून आली? लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५पासून चाललेल्या व्हाइटहॉल अभ्यासातून २००६मध्ये एक उत्तर पुढे आलं. सुमारे आठ हजार कर्मचाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुरुषांमध्ये असं दिसलं की कामाचा ताण जास्त असलेले जे मुळात सडपातळ होते, त्यांचं वजन घटण्याकडे कल होता आणि जे मुळात जाड होते, त्यांचं वाढण्याकडे. ताण एकच, दिशा दोन. जो जिकडे झुकलेला, तिकडे त्याला ताण आणखी ढकलतो. एकाच घरात, एकाच हप्त्याच्या काळजीत नवऱ्याची पँट सैल होते आणि बायकोचे ब्लाउज उसवावे लागतात, यात कुणाची काळजी खरी आणि कुणाची खोटी, हे ठरवायला जाऊ नये.

वाढीच्या बाजूला झोपेचा हात मोठा आहे. शिकागो विद्यापीठात २००४मध्ये बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घसरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्या तरुणांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. हा प्रयोग होता दोन रात्रींचा. नालासोपाऱ्यात पहाटे चारला उठून पाणी भरणारी, दोन डबे करणारी आणि रात्री अकराला ओटा पुसणारी बाई हा प्रयोग वर्षानुवर्षं स्वतःवर करत असते. तिचा दिवस पाहा. सकाळी उभ्याने अर्धा कप चहा. दुपारी ऑफिसात पोळीभाजी, तीही फोन घेत. संध्याकाळी स्टेशनबाहेर पडताना भजीचा वास येतो, पण ती घरी जाऊन स्वयंपाक करायचा म्हणून थांबत नाही. भात लावते, मुलाचा अभ्यास घेते, सासूबाईंचं ताट वाढते, आणि सगळे जेवल्यावर कढईतलं उरलेलं, पोराने टाकलेली अर्धी पोळी, फरसाणाची बरणी, सकाळचा शिरा, असं करत उभ्या उभ्या जेवते. किती खाल्लं, ते तिला आठवत नाही. विचारलं तर ती प्रामाणिकपणे म्हणेल, ‘अहो, मी खातेच कुठे? तरी वजन वाढतंय.’ आहारतज्ज्ञ तिच्या हातात सहा वेळांचा तक्ता देतात. त्या तक्त्यात ओट्स असतात, बदाम असतात, पण बसून जेवायला वीस मिनिटं कुठून काढायची, हे नसतं.

यात आपल्या शरीराची आणखी एक खोड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणसाचं शरीर बारीक दिसूनही आतून चरबी कसं साठवतं, यावर मोलाचं काम केलं आहे. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सततच्या ताणात वाढलेलं कॉर्टिसॉल चरबी साठवतं ते मुख्यतः पोटाभोवती. म्हणून ‘वजन तेवढंच आहे’ यावर समाधान मानू नये. कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर कंबर गेली की मधुमेह आणि हृदयविकार यांच्या दृष्टीने सावध व्हावं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की सगळं खापर मनावर फोडायचा बेत दिसतो. तसं करण्यातला धोका वैद्यकाने एकदा चांगलाच अनुभवला आहे. अनेक दशकं जठराचा अल्सर हा ताणतणावाचा आणि तिखटाचा आजार समजला जात होता. रुग्णांना दूध, शांतता आणि उपदेश यांवर ठेवलं जाई. १९८२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला. कुणी ऐकेना, तेव्हा मार्शल यांनी जिवाणूंचं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. बहुतेक अल्सर याच जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात, हे आज सर्वमान्य आहे. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जो आजार स्वभावाचा मानला होता, तो अँटिबायोटिकने बरा होऊ लागला.

म्हणून या पुस्तकात एक प्रकरण धोक्याच्या खुणांना दिलं आहे, आणि वाचकाने बाकी काही वाचलं नाही तरी ते वाचावं. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोहून अधिक, तर ते काळजीच्या नावावर टाकू नये. शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मल, सतत बारीक ताप, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी. आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोग आजही दिसतो आणि तो बराच काळ साध्या पोटदुखीच्या रूपात वावरतो. थायरॉइड जास्त काम करू लागलं तर छातीत धडधड, हातांना कंप, वजनात घट आणि वारंवार शौच, असं हुबेहूब काळजीचंच सोंग घेतं. मधुमेहातही वजन झरझर उतरतं. पोटाच्या डॉक्टरांकडे जाणं आणि मनाच्या डॉक्टरांकडे जाणं, यांतलं एक निवडायचं नसतं.

मनाच्या डॉक्टरांकडे जायला मात्र आपले पाय जड होतात. निम्हान्सने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं आढळलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे चित्र फार निराळं असेल, असं मानायला आधार नाही. उपचार सुरू झाले तरी वाट सरळ नसते. आयबीएससाठी अमिट्रिप्टिलिन हे जुनं औषध अगदी कमी मात्रेत दिलं जातं. इंग्लंडमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पोटाच्या तक्रारी कमी होतात, असं दिसलं. इथे मात्र चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जातो, काउंटरवरून आवाज येतो, ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे,’ आणि गोळी तिथेच राहते. घरी बायको विचारते, ‘तुम्हाला काय वेड लागलंय का?’ डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना दोन वाक्यं जास्त बोलली असती, की हे औषध आतड्यांच्या नसांवरही काम करतं आणि इथे ते त्यासाठी दिलं आहे, तर तो उपचार वाचला असता.

औषधांखेरीज करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते पुढे सविस्तर येतंच. विचारांची आणि टाळाटाळीची साखळी तोडायला शिकवणारं सीबीटी, म्हणजे वर्तन आणि विचार यांवरचा मानसोपचार, आयबीएसमध्ये उपयोगी ठरतं. विरारच्या प्रवाशाच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की आधी रविवारी रिकाम्या गाडीने एक स्टेशन, मग दोन, मग कामाच्या दिवशी, थोडं खाऊन, असं पोटाला पुन्हा प्रवासाची सवय लावायची. उपाशी राहून भीती कमी होत नाही, तिचा अधिकार वाढतो. पोटाने घेतलेला संथ श्वास, जेवणाच्या आणि झोपेच्या ठरलेल्या वेळा, चहाचे कमी झालेले कप, रोजचं चालणं, या गोष्टी साध्या वाटतात म्हणून लोक त्यांना कमी लेखतात. आहारात कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांतलं काही काही जणांना सोसत नाही. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, थोड्या काळापुरतं बंद करून एकेक करून परत आणायचं असतं. स्वतःच्या मनाने एकेक पदार्थ सोडत जाणारी माणसं शेवटी मऊ भात आणि मुगाच्या पाण्यावर येतात आणि मग वजन घटलं म्हणून घाबरतात. आमच्याकडची उकड्या तांदळाची पेज अशा दिवसांत पोटाला बरी वाटते, हे खरं. ती औषध आहे, असा दावा हे पुस्तक करत नाही.

मदत फार दूर नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने मानसिक आरोग्य हा विषय मराठी घरांत बोलण्याजोगा केला. १० ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, फोन मोफत, वेळ चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. लोकलच्या गर्दीत नाही, पण घरी परतताना रिक्षा सोडून पायी चाललात तर तेवढ्या वेळात तो फोन होऊ शकतो.

घरच्यांसाठीही चार शब्द. ताटात अन्न उरलं म्हणून ओरडू नका, आणि वजन वाढलं म्हणून पाहुण्यांदेखत थट्टा करू नका. ‘काय खाल्लंस’ याच्या आधी ‘झोप लागली का’ असं विचारा. रात्रीच्या जेवणाला हप्ता, निकाल आणि इमारतीचे कागद हे विषय काढू नका. ते बोलायलाच हवेत, पण ताट उचलल्यावर. घरातली बाई सगळ्यांच्या नंतर उभ्याने जेवत असेल, तर तिच्या वजनावर बोलायचा हक्क आधी तिला बसायला जागा देऊन मिळवावा.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. श्वास कसा घ्यावा, हे पुस्तक शिकवू शकतं. फलाटावर स्वच्छ शौचालय ते बांधू शकत नाही. वसई-विरारकरांच्या पोटाच्या तक्रारींतला काही भाग दवाखान्यात सुटेल, आणि काही भाग रेल्वे, महानगरपालिका आणि गृहनिर्माण खातं यांच्या टेबलावर पडून आहे. दुसऱ्याची वाट पाहत पहिला थांबवू नये, आणि पहिला जमला म्हणून दुसऱ्याचा पाठपुरावा सोडू नये.

वाचकाला विनंती एवढीच. पुढचं पान उलटण्याआधी एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज चार गोष्टी लिहा : किती वाजता जेवलात, किती वेळा शौचाला गेलात, किती तास झोपलात आणि त्या दिवशी कशाची धास्ती होती. आठवड्यातून एकदा वजन आणि कंबर. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या फाइलबरोबर ती वहीही घेऊन जा, आणि आधी ती त्यांच्यापुढे ठेवा.